प्राथमिक शाळेनंतर गळणाऱ्या मुली: त्यांना माध्यमिक शिक्षणापर्यंत पोहोचवण्याचे काम कसे उभे करावे

गेल्या तीन दशकांत अनेक विकसनशील देशांनी प्राथमिक शाळेच्या पटावर मुलींची नावे आणण्यात मोठी मजल मारली आहे. मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ या वयोगटातील प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. मात्र हा हक्कही चौदाव्या वर्षी, म्हणजे साधारण आठवीच्या टप्प्यावर येऊन थांबतो आणि मुलींची गळती नेमकी त्याच्या आसपास सुरू होते. युनेस्कोच्या २०२३ मधील अंदाजानुसार जगात सुमारे १२ कोटी २० लाख मुली शाळेबाहेर होत्या. शाळेचे तोंडच न पाहिलेल्या मुलींबरोबर त्यांत प्राथमिक वर्ग पार करून वाटेत थांबलेल्या मुलीही मोठ्या संख्येने आहेत.

बारा ते पंधरा या वयात मुलीच्या आयुष्यात अनेक गोष्टी एकाच वेळी येतात. शाळा गावातून लांब जाते, खर्च वाढतो, पाळी सुरू होते, घरातील कामाला ती हाताशी हवी असते आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. यांपैकी एकाच अडचणीवर उपाय केला आणि बाकीच्या तशाच राहिल्या, तर पैसा खर्च होतो पण मुलगी काही शाळेत दिसत नाही. म्हणून सायकली, शिष्यवृत्ती, स्वच्छतागृहे असा उपाय आधी ठरवून कामाला लागणे मला चुकीचे वाटते. कोणती मुलगी कोणत्या महिन्यात आणि कशामुळे थांबली, हे आधी कळले पाहिजे. उपाय त्यानंतर ठरवावा. हा लेख गावपातळीवरील कार्यकर्ते, शिक्षक, शाळा समित्यांचे सदस्य आणि छोट्या संस्था यांना समोर ठेवून लिहिला आहे.

पहिली पायरी: नावानिशी यादी

कामाची सुरुवात एका साध्या वहीने करावी. ज्या माध्यमिक शाळेसाठी काम करायचे आहे, त्या शाळेत ज्या गावांतून आणि वस्त्यांतून मुले येऊ शकतात, त्या सर्व ठिकाणच्या प्राथमिक शाळांमधून मागील तीन वर्षांत शेवटचा वर्ग उत्तीर्ण झालेल्या मुलींची नावे उतरवून घ्यावीत. त्यानंतर माध्यमिक शाळेचे प्रवेशपुस्तक शेजारी ठेवून एकेक नाव जुळवावे. जी नावे पहिल्या यादीत आहेत आणि दुसऱ्या यादीत नाहीत, त्या मुलींपासून तुमचे काम सुरू होते. काही मुली दुसऱ्या शाळेत गेलेल्या असतील, काही कुटुंबांबरोबर स्थलांतरित झाल्या असतील. त्यांची खात्री करून ती नावे बाजूला काढावीत.

हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात, पण ते टाळू नये. सरकारी अहवालात 'गळतीचे प्रमाण इतके टक्के' असे वाचून एकाही मुलीच्या दारात जाता येत नाही. यादी हाती असली की तिच्या दारात जाता येते. शिवाय यादी करताना अशा काही गोष्टी उघड होतात की ज्या टक्केवारीत दडून राहतात: एखाद्या विशिष्ट वस्तीतील एकही मुलगी पुढे गेलेली नसते, किंवा एकाच जमातीच्या मुलींची नावे सलग गळालेली असतात, किंवा अपंग मुलींची नावे मुळात पहिल्या यादीतच नसतात. ज्या प्राथमिक शाळेतही गेल्या नाहीत, त्यांच्यासाठी घरोघरी फिरून वेगळे पान करावे.

वहीत प्रत्येक मुलीपुढे जन्मवर्ष, घरापासून शाळेचे अंतर, घरातील लहान भावंडांची संख्या, शेवटी ज्या वर्गात होती तो वर्ग आणि शाळेत आल्याची शेवटची तारीख एवढी माहिती पुरेशी आहे. शेवटची तारीख हजेरीपटावरूनच घ्यावी, कारण घरच्यांना महिना आठवतो, तारीख आठवत नाही. ही वही संस्थेच्या कपाटात कुलपात ठेवावी. कोणत्या घरात लग्नाची बोलणी चालू आहेत किंवा कोणती मुलगी गरोदर राहिली होती, अशी माहिती गावात फिरली तर त्या मुलीचे नुकसान होते आणि पुढे कोणी तुमच्याशी मोकळेपणाने बोलत नाही.

दुसरी पायरी: कारण विचारण्याची रीत

'मुलीने शाळा का सोडली?' असा थेट प्रश्न विचारला की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते: तिला शिकण्यात गोडी नव्हती. हे उत्तर खोटे असतेच असे नाही, पण ते शेवटचे कारण असते, पहिले नव्हे. त्याऐवजी घटना विचाराव्यात. शाळेत गेल्याचा शेवटचा दिवस कसा होता, त्याच्या आधीच्या आठवड्यात ती किती दिवस गेली, न गेलेल्या दिवशी घरी काय होते, त्या सुमारास घरात कोणी आजारी होते का, कोणाचे बाळंतपण होते का, हंगाम कोणता होता, परीक्षेत काय झाले होते, असे मागे मागे जात राहिले की हळूहळू चित्र स्पष्ट होते. आईशी, वडिलांशी आणि मुलीशी शक्यतो वेगवेगळे बोलावे. मुलीशी बोलायला स्त्री कार्यकर्तीच हवी. घराच्या ओसरीवर सगळ्यांसमोर तिला विचारले तर ती खाली मान घालून गप्प बसेल आणि तुम्ही वहीत 'गोडी नाही' असे लिहून परताल.

हजेरीपट हाही एक साक्षीदार आहे आणि तो कोणाची भीड बाळगत नाही. गळालेल्या मुलींचे शेवटच्या वर्षाचे हजेरीपट काढून महिन्यांची ओळ डोळ्यांखालून घालावी. काही मुलींच्या गैरहजेरीच्या खुणा आठवड्यातून एका ठरावीक वारी दिसतात. हा बाजाराचा किंवा मजुरीचा दिवस असू शकतो. काहींच्या खुणा पेरणी-कापणीच्या महिन्यांत दाटतात, तर काहींच्या पावसाळ्यात, जेव्हा वाटेतला ओढा भरून वाहतो. काही मुली परीक्षेच्या निकालानंतर अचानक नाहीशा होतात. मुलगी एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी ती आठवड्यातून एक दिवस बुडवते, मग दोन दिवस, मग मागे पडते, मग वर्गात विचारले की उत्तर येत नाही, आणि मग घरीच बसते. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीच्या घरी त्याच आठवड्यात कोणीतरी जायचे, एवढा एकच नियम शाळेने पाळला तरी पुष्कळ मुली वाचतात.

तिसरी पायरी: अंतर आणि वाट

यादी आणि कारणे हाती आल्यावर बहुतेक ठिकाणी पहिला विषय निघतो तो अंतराचा. त्याचे सर्वांत स्पष्ट मोजमाप अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात झाले. तिथे काही गावांना २००७ मध्ये गावातच शाळा मिळाली आणि काहींना लगेच मिळाली नाही. दोन्ही प्रकारच्या गावांची तुलना केल्यावर असे दिसले की शाळा असलेल्या गावांत मुलींची पटनोंदणी सुमारे ५२ टक्केबिंदूंनी जास्त होती, आणि शाळा जसजशी दूर जाई तसतशी मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा अधिक वेगाने घसरत असे. त्याच देशात सप्टेंबर २०२१ पासून मुलींची माध्यमिक शाळा राजवटीनेच बंद ठेवली आहे, आणि तिथल्या मुलींसाठी या लेखातील कोणतीही पायरी आज पुरी पडत नाही, हे लिहिताना मन जड होते.

गावोगावी माध्यमिक शाळा काढणे प्रत्येक सरकारला लगेच जमत नाही, कारण विषयवार शिक्षक आणि प्रयोगशाळा लागतात. अशा वेळी तीन मार्ग उरतात: मुलीला शाळेपर्यंत लवकर आणि सुरक्षितपणे पोहोचवणे, तिच्या राहण्याची सोय शाळेजवळ करणे, किंवा प्राथमिक शाळेलाच वरचे दोन-तीन वर्ग जोडणे.

पहिल्या मार्गाचे ठळक उदाहरण बिहारचे आहे. तिथे २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये देण्यास सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात असे आढळले की त्या वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधील तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटली. हा फरक मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत पडला, ही त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. म्हणजे सायकल वाटण्याआधी वहीतील अंतराचा रकाना पाहावा. झांबियातील ग्रामीण भागातही सायकलींमुळे मुलींची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे आणि वाटेतला त्रासही कमी झाल्याचे दिसून आले. सायकल दिली की पंक्चर, चेन आणि ब्रेक यांचा प्रश्न पाठोपाठ येतो, म्हणून गावातील एका-दोघांना दुरुस्तीचे प्रशिक्षण आणि हत्यारे देण्याची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी.

कोणताही मार्ग निवडण्याआधी मात्र ती वाट स्वतः एकदा चालावी, आणि तीही मुलींच्या वेळेला. घड्याळ लावून सकाळी निघावे आणि शाळा सुटल्यावर परत यावे. मी एकदा अशी वाट चालले तेव्हा नकाशावर साडेतीन किलोमीटर दिसणारे अंतर जाताना पन्नास मिनिटांचे आणि येताना सव्वा तासाचे निघाले, कारण परतताना मुली एका ठरावीक वळणावर रस्ता सोडून शेतातून मोठा वळसा घेत होत्या. त्या वळणावर रोज काही तरुण टोळके करून बसत. हे कोणत्याही पालकसभेत कोणी बोलले नव्हते. तिथे सायकलीपेक्षाही आधी गावातील चार वडीलधाऱ्यांनी संध्याकाळी त्या वळणावर उभे राहण्याची गरज होती आणि मुलींनी घोळक्याने निघण्याची. दोन्ही गोष्टी फुकटात झाल्या.

वसतिगृहाचा मार्ग खर्चाचा आहे, पण विखुरलेल्या वस्त्यांसाठी कित्येकदा तोच उरतो. भारतातील कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये २००४ पासून याच विचारावर उभी आहेत. पुढे त्यांतील सोय बारावीपर्यंत वाढवण्याची तरतूदही झाली. वसतिगृहात रात्री राहणारी स्त्री अधीक्षक, आतून बंद होणारी दारे, पालकांना कधीही येऊन पाहण्याची मुभा आणि मुलींना घरी फोन करण्याची सोय या चार गोष्टींत तडजोड करू नये. एका वसतिगृहात काही वावगे घडले की आसपासच्या वीस गावांतील मुलींची शाळा बंद होते.

चौथी पायरी: पैसा, कोणाच्या हाती आणि कोणत्या महिन्यात

फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झाले, असे होत नाही. गणवेश, वह्या, परीक्षा शुल्क, प्रवासभाडे आणि मुलगी घरी राहिली असती तर तिच्या हातून झालेले काम हा सगळा खर्चच आहे. पश्चिम केनियात प्राथमिकच्या वरच्या वर्गांतील मुलांना नुसते गणवेश मोफत दिले, तेव्हा मुलींची गळती घटली आणि किशोरवयातील गर्भधारणाही कमी झाली. यादीतील पाच-सहा घरांत बसून वर्षभराच्या खर्चाचा कागद मांडावा. कोणता खर्च कोणत्या महिन्यात येतो, हे त्यात लिहावे.

महिन्याचे महत्त्व कोलंबियातील बोगोता शहरात दिसून आले. तिथे काही कुटुंबांना मुलांच्या हजेरीसाठीचा भत्ता नियमित दिला गेला, तर काहींच्या भत्त्यातील एक हिस्सा राखून ठेवून पुढील वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी एकरकमी दिला गेला. दुसऱ्या गटात पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले, कारण नेमक्या खर्चाच्या दिवशी पैसे हातात होते. छोट्या संस्थांसाठी हा फार उपयोगी धडा आहे. वर्षभर थोडे थोडे देण्यापेक्षा प्रवेशाच्या पंधरवड्यात दिलेली रक्कम अधिक मुलींना उंबरठा ओलांडायला मदत करते.

शिष्यवृत्तीचे सर्वांत मोठे उदाहरण बांगलादेशाचे आहे. शाहरास्ती उपजिल्ह्यात १९८२ मध्ये झालेल्या प्रयोगानंतर १९९४ पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांतील मुलींना भत्ता मिळू लागला. अटी तीन होत्या: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत किमान ४५ टक्के गुण आणि अठरा वर्षांपर्यंत लग्न न करणे. रक्कम मुलीच्या नावाने बँकेत जमा होत असे. पुढील काळात बांगलादेशातील माध्यमिक शाळांमध्ये मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा जास्त झाली. मेक्सिकोमध्ये १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोग्रेसा' योजनेत माध्यमिक वर्गातील मुलींना मुलग्यांपेक्षा अधिक रक्कम ठेवली होती, कारण मुली नेमक्या तिथेच गळत होत्या.

अटी घालाव्यात की नाहीत, यावर बराच वाद आहे आणि त्याचे उत्तर सोपे नाही. मलावीतील झोंबा जिल्ह्यात काही मुलींना शाळेच्या हजेरीच्या अटीवर आणि काहींना कोणत्याही अटीविना पैसे दिले गेले. शाळा टिकवण्यात अटीचा गट पुढे राहिला. पण ज्या मुलींनी तरीही शाळा सोडली, त्यांच्यात विनाअट गटातील मुलींची लवकर लग्ने आणि गर्भधारणा लक्षणीय कमी होत्या, कारण त्यांचा आधार शाळेबरोबर तुटला नव्हता. माझे मत असे की हजेरीची अट ठेवावी, पण गुणांची अट ठेवू नये. अभ्यासात मागे पडलेल्या मुलीला मदतीची सर्वाधिक गरज असते आणि गुणांची अट पहिल्यांदा तिलाच बाहेर काढते. हजेरीची अट मोडली तरी पैसे तत्काळ बंद न करता आधी घरी जाऊन चौकशी करण्याची पद्धत ठेवावी.

पाचवी पायरी: शाळेच्या आत

स्वच्छतागृहाची पाहणी कागदावर करू नये. अहवालात 'उपलब्ध' असे लिहिलेले स्वच्छतागृह प्रत्यक्षात कुलूपबंद असू शकते. मी पाहिलेल्या एका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली कार्यालयातील एका पुरुष कर्मचाऱ्याच्या खिशात असे आणि मुलीला ती सर्वांसमोर मागावी लागे. एकही मुलगी मागत नसे, त्यामुळे ते स्वच्छतागृह अगदी स्वच्छ राही आणि तपासणीत त्याचे कौतुकही होई. पाहणी करताना दाराला आतून कडी आहे का, आत पाणी आणि बादली आहे का, झाकणाची कचरापेटी आहे का, ती कोण आणि कधी रिकामी करते, मुलग्यांच्या स्वच्छतागृहापासून ते दूर आहे का, आणि किल्ली कोणाकडे असते, हे पाहावे. भारतातील शालेय स्वच्छतागृहांच्या अभ्यासात असे दिसले आहे की लहान मुलींना कोणत्याही स्वच्छतागृहाचा उपयोग होतो, पण वयात आलेल्या मुलींची नोंदणी प्रामुख्याने स्वतंत्र स्वच्छतागृह असेल तिथेच वाढते.

पाळीविषयी एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. मुली पाळीमुळे दर महिन्याला तीन-चार दिवस शाळा बुडवतात, असे सर्रास सांगितले जाते आणि त्यावर पॅडवाटपाचे मोठे कार्यक्रम उभे राहतात. नेपाळमधील चितवन भागात हजेरीची काटेकोर नोंद ठेवली, तेव्हा पाळीमुळे बुडणारा वेळ वर्षाकाठी एका दिवसाहूनही कमी निघाला. पॅड देऊ नयेत, असा याचा अर्थ नाही. मुलीचा स्वाभिमान आणि आरोग्य एवढ्या कारणासाठीही ते दिलेच पाहिजेत. मात्र केवळ तेवढ्याने गळती थांबेल, असे गृहीत धरू नये. तुमच्या भागात पाळीमुळे किती दिवस बुडतात, हे तुमच्याच हजेरीपटावरून आणि मुलींशी बोलून ठरवावे.

शाळेतील छळाचा विषय टाळण्याकडे सर्वांचा कल असतो. शिक्षकाकडून किंवा मोठ्या मुलांकडून होणारा त्रास हे गळतीचे असे कारण आहे की जे वहीत क्वचितच उतरते. तक्रार कोणाकडे करायची, हे प्रत्येक मुलीला नावाने माहीत असले पाहिजे, ती व्यक्ती स्त्री असावी, आणि तक्रार शाळेच्या बाहेरही नेता येईल असा दुसरा मार्ग असावा. शाळेत एकही शिक्षिका नसेल, तर गावातील शिकलेल्या तरुणीला सहायक म्हणून मानधनावर घेता येते का, ते पाहावे. झिम्बाब्वेत १९९३ मध्ये सुरू झालेल्या कॅम्फेड या संस्थेने पुढे अनेक आफ्रिकी देशांत अशी पद्धत रुजवली की शिकून बाहेर पडलेल्या तरुणीच शाळेत परत येऊन धाकट्या मुलींच्या मार्गदर्शक होतात.

याच पायरीवर अभ्यासाचा विचार करावा. सहावीत आलेल्या मुलीला सरळ वाचता येत नसेल, तर माध्यमिकचे गणित आणि विज्ञान तिच्यासाठी बंद दार असते, आणि नापास झालेल्या मुलीला पुन्हा बसवण्यापेक्षा घरी ठेवणे पालकांना सोपे वाटते. प्राथमिकचा शेवटचा वर्ग संपल्यावर मिळणाऱ्या सुट्टीत वाचन आणि अंकगणिताचा सहा आठवड्यांचा वर्ग भरवावा. त्यात मुलींना नव्या शाळेची इमारत, शिक्षक आणि वाट यांचीही ओळख होते. घरी धाकटे भावंड सांभाळायचे असेल, तर ते बरोबर आणायची मुभा द्यावी. बुर्किना फासोमध्ये 'ब्राइट' कार्यक्रमातील प्राथमिक शाळांशेजारी बालसंगोपन केंद्रे उभारली होती, शिवाय वेगळी स्वच्छतागृहे आणि नियमित हजेरी लावणाऱ्या मुलींना घरी नेण्यासाठी धान्यही होते. या सगळ्या गोष्टी एकत्र मिळाल्यावर त्या गावांत मुलामुलींची एकूण नोंदणी सुमारे १९ टक्केबिंदूंनी वाढली आणि मुलींची त्याहून थोडी अधिक.

सहावी पायरी: लग्नाची बोलणी

युनिसेफच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १ कोटी २० लाख मुलींची लग्ने अठरा वर्षांच्या आत होतात. इथे कार्यकर्ते अनेकदा कायद्याचा धाक दाखवून सुरुवात करतात. त्यामुळे लग्न थांबत नाही, ते दुसऱ्या गावी नेऊन उरकले जाते. पालक क्रूर असतात म्हणून लवकर लग्न लावतात, असे मानू नये. वयात आलेली मुलगी शाळेत नसेल तर तिचे रिकामे घरी बसणे त्यांना धोक्याचे वाटते, वाट असुरक्षित असते, आणि वय वाढले की लग्नाचा खर्च वाढेल अशी भीती असते. म्हणजे बऱ्याच घरांत आधी शाळा सुटते आणि मग लग्न ठरते. हा क्रम ध्यानात घेतला तर कामाची वेळ कळते: शाळा सुटल्यापासूनचे पहिले काही महिने.

इथिओपियाच्या अम्हारा भागात 'बेरहाने हेवान' या कार्यक्रमात मुलगी अविवाहित राहून कार्यक्रमात टिकली तर दोन वर्षांच्या शेवटी कुटुंबाला मेंढी दिली जात असे. गावकऱ्यांशी चर्चा, शालेय साहित्य आणि मुलींचे गट हेही त्याबरोबर होते. पश्चिम बंगालच्या २०१३ मधील 'कन्याश्री' योजनेत वार्षिक रकमेबरोबर अठराव्या वर्षी, मुलगी अविवाहित आणि शिक्षणात असेल तर, २५,००० रुपये तिच्या खात्यात जमा होतात. अशा रकमेमुळे घरातील संवादाचा सूर बदलतो. 'आणखी दोन वर्षे थांबू' असे म्हणायला आईला एक आधार मिळतो.

मुलीच्या स्वतःच्या बोलण्यालाही वजन असते. झांबियात आठवीतील मुलींना दोन आठवडे केवळ वाटाघाटीची कला शिकवली गेली: घरच्यांशी कोणत्या वेळी बोलावे, त्यांची अडचण आधी कशी ऐकून घ्यावी, रागावर कसा ताबा ठेवावा, दोघांना मान्य होईल असा तोडगा कसा सुचवावा. पुढील वर्षांत या मुलींचे शाळेत टिकण्याचे प्रमाण वाढले. याला इमारत लागत नाही, फारसा निधीही लागत नाही. गावातील मोठ्या मुलींकडून हे सत्र घेतले तर ते अधिक नैसर्गिक होते.

सातवी पायरी: थांबलेल्या मुलींचा परतीचा रस्ता

वहीतील काही मुली आई झालेल्या असतील. कित्येक ठिकाणी नियमच त्यांच्या आड येत होते. सिएरा लिओनने गरोदर मुलींवरील शाळाबंदी मार्च २०२० मध्ये उठवली आणि टांझानियाने तसा निर्णय नोव्हेंबर २०२१ मध्ये घेतला. पण नियम बदलला तरी मुख्याध्यापकांच्या मनातला नियम बदलायला वेळ लागतो. अशा मुलीबरोबर पहिल्या दिवशी स्वतः शाळेत जावे, नव्या नियमाची प्रत हातात असावी आणि वर्गशिक्षकांशी आधी बोलून ठेवावे. बाळाला दूध पाजायला तिला मधली सुट्टी लागेल, हे तेव्हाच ठरवावे.

ज्या मुलींचे वय वाढले आहे, त्यांना लहान मुलींच्या वर्गात बसवणे बहुधा जमत नाही. त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाचा मार्ग पाहावा. रोज शाळेत न जाता परीक्षा देता येते म्हणजे अभ्यास आपोआप घरी होतो, असे मात्र समजू नये. आठवड्यातून तीन दिवस दोन तास एकत्र बसण्याची जागा आणि शिकवणारी व्यक्ती यांची सोय झाली नाही तर नोंदणी होते आणि परीक्षेच्या दिवशी खुर्ची रिकामी राहते.

आठवी पायरी: काय मोजावे

देणगीदार संस्था किती सायकली वाटल्या, किती सभा झाल्या, असे विचारतात. त्यांना ते आकडे द्यावेत, पण स्वतःसाठी तीनच आकडे ठेवावेत: प्राथमिकमधून बाहेर पडलेल्या शंभर मुलींपैकी माध्यमिकमध्ये किती आल्या, आलेल्यांपैकी वर्षाअखेर किती उरल्या, आणि उरलेल्यांपैकी किती जणी पुढच्या वर्गात गेल्या. हे तिन्ही आकडे वस्तीनिहाय वेगळे काढावेत, कारण सरासरीत सर्वांत मागे राहिलेली वस्ती झाकली जाते. एकाच वेळी चार उपाय सुरू केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, म्हणून शक्य असेल तिथे एकेक उपाय आधी काही गावांत आणि मग उरलेल्यांत, अशा टप्प्यांनी न्यावा.

वर्षाचे वेळापत्रक प्रवेशापासून मागे मोजत जावे. प्रवेशाच्या पाच-सहा महिने आधी यादी पूर्ण असावी, तीन महिने आधी घरभेटी संपलेल्या असाव्यात, आणि जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बँक खाते यांची कागदपत्रे एक महिना आधी हातात असावीत, कारण निव्वळ एका कागदावाचून प्रवेश हुकलेल्या मुली जवळजवळ प्रत्येक यादीत सापडतात. शाळा सुरू होण्याच्या पहिल्या सोमवारी वही घेऊन फाटकाशी उभे राहावे, आलेल्या प्रत्येक मुलीच्या नावापुढे खूण करावी, आणि ज्या नावापुढे खूण झाली नाही त्या घरी त्याच संध्याकाळी जावे.